दहा मिनिटांत उतरलेली नशा

"काका, त्या दिवशी तुम्ही प्यायला होतात ना?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि तिला वाटलं, जीभ चावावी. पण पैज म्हणजे पैज. मैत्रिणींनी डिवचलं होतं, "एवढी पंचनामा म्हणून मिरवतेस ना? जा, तोंडावर विचार!" शाळेत तिला सगळे पंचनामाच म्हणत. कुणाची पेन्सिल हरवली तरी ही आधी साक्षीदार गोळा करायची.

आज पेन्सिल हरवली नव्हती. माणूस गेला होता.

चार दिवसांपूर्वी भरदुपारी शाळेची बस मुलींच्या संघाला घेऊन सामन्याला निघाली. ड्रायव्हरकाका पायाखालचा रस्ता चुकले. एकाच चौकाला तीन वळसे घातले, उलट फिरले आणि थेट शाळेच्या फाटकावर गाडी घातली. तिथे पहारेकरी आजोबा उभे होते. ते जागीच गेले. बसमधल्या मदतनीस ताईने घामाने निथळणाऱ्या काकांना घोट घोट गोड चहा पाजला. दहाच मिनिटांत काकांनी स्वच्छ आवाजात विचारलं, "फाटक कसं पडलं? आजोबा कुठायत?"

"नाटकी मेला!" कुणीतरी म्हणालं.

पंचनामा पहिल्याच सीटवर होती. 'काकांची जीभ जड होती, दारूसारखा वास येत होता,' हा जबाब तिचाच. रक्ताचा अहवाल यायला महिना लागणार होता. शाळेच्या समितीला तेवढा धीर नव्हता. उद्या दहा वाजता समिती काकांना काढून टाकणार होती, पंचनामाचा जबाब आणि वाहतूक प्रमुखांचा अहवाल यांच्या जोरावर. वाहतूक प्रमुख म्हणजे तिची आईच. त्या दिवसापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अपघाताच्या संध्याकाळी तर तिने अर्धा तास एकच डबा घासला होता.

जामिनावर सुटलेले काका घरी खाटेवर बसले होते. चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले.

"बाळ, मी दारूला कधी शिवलो नाही."

"मग रस्ता कसा चुकलात?"

"आठवत नाही. आणि आठवत नाही म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

काकू वाटी घेऊन आल्या. "उलटतपासणी मग करा. आधी सुई. ताट वाढलंय." त्यांनी कापसाचा बोळा काकांच्या पोटावर फिरवला.

पंचनामा ताडकन उभी राहिली. वास! हाच तो वास!

"काकू, हे काय आहे?"

"स्पिरिट गं. इन्सुलिनआधी कातडी पुसायला. बारा वर्षं झाली मधुमेहाला."

"अगं, गप्प बस!" काका ओरडले.

"आता काय लपवायचं राहिलंय? नोकरी जाईल म्हणून वापरलेला बोळासुद्धा हे खिशात घालून घरी आणतात. कचऱ्यात कुणी बघेल म्हणून!"

"शाळेत कुणालाच माहीत नाही?"

काका भिंतीकडे बघत राहिले. "एका माणसाला आहे. ज्याने माझं झाकलं, त्याचं नाव मी घेणार नाही."

"त्या दिवशी सुई किती वाजता घेतलीत?"

"साडेबाराला. रोजच्यासारखी. डब्याचं झाकण काढलेलं आठवतं. पुढे धुकं."

"तो डबापण गेला," काकू म्हणाल्या. "स्टीलचा. कडी तुटली म्हणून तांब्याच्या तारेने मीच बांधला होता. पोलीस म्हणाले, बसमध्ये काहीच मिळालं नाही."

तारेने बांधलेली कडी. आई त्या संध्याकाळी घासत होती, त्या डब्यालाही अशीच तार होती.

तिथून ती बाबांच्या औषधांच्या दुकानात गेली.

"बाबा, इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं तर?"

"रक्तातली साखर घसरते. मेंदू तर साखरेवर चालतो, आणि त्याच्याकडे साठा नाहीच म्हण. मेंदूचं हातावर पोट असतं, पोरी."

"मग होतं काय?"

"घाम, थरथर. मग माणूस बरळतो, चिडतो, घरचा रस्ता चुकतो. बघणाऱ्याला वाटतं, ढोसून आलाय. जुन्या रोग्यांना तर आधीची लक्षणं जाणवतही नाहीत."

"आणि उतरतं कशाने?"

"गिळता येत असेल तर गोड द्यायचं. दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर. मधलं आठवेलच असं नाही. का गं, परीक्षेत आहे?"

"हो," ती म्हणाली. "उद्याच."

घरी तिने स्वयंपाकघरातलं खालचं कपाट उपसलं. रिकाम्या बरण्यांमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा होता. कडीला तांब्याची तार.

दिवेलागणीला आई आली, पाठोपाठ बाबा. टेबलावरचा डबा बघून आई दारातच थांबली.

"आई, बस. बाबा, तुम्हीपण ऐका." तिने डबा पुढे सरकवला. "काका प्यायले नव्हते. वास खिशातल्या स्पिरिटच्या बोळ्याचा होता. दारू चहाने दहा मिनिटांत उतरत नाही, घसरलेली साखर मात्र सावरते. साडेबाराला सुई, लगेच फेरी, मध्ये एक घास नाही. भरलेला डबा सापडला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. म्हणून तो उचलला गेला. कोण उचलेल? ज्याला सुईचं माहीत होतं. काकांनी तुझं नाव घेतलं नाही, आई. तुला वाचवत बसलेत ते."

आई खुर्चीत बसली आणि सांगू लागली.

"काका म्हणाले, मॅडम, सुई घेतलीय, दोन घास खातो. मी म्हटलं, वीस मिनिटांची फेरी, आल्यावर जेवा. दुसरा ड्रायव्हर आलाच नव्हता. सामना चुकला असता."

"कुणाचा?"

"तुझा."

पंचनामाने कडीच्या तारेवरून बोट फिरवलं.

"आणि अहवालात दारूचं का लिहिलंस?"

"आजोबांवर चादर टाकलेली बघितली. वाटलं, आता सगळं माझ्यावर येणार. तू वासाचं बोललीस, आणि मी तेच धरलं."

बाबांनी घसा साफ केला. "हे बघ, रक्ताचा अहवाल येईलच. सुटतील ते. तोवर गप्प राहू. आईची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही..."

"आणि तोवर काकांनी खुनी दारुडा म्हणून जगायचं?"

बाबांनी डब्याकडे हात नेला. तिने तो आपल्याकडे ओढला.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या मी समितीपुढे माझा जबाब मागे घेणार. मग तिथून पोलिसांकडे जाणार आणि मला कळलेलं सगळं सांगणार, डबा कुठे सापडला तेसुद्धा. आई, तू माझ्याआधी बोललीस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही बोललीस, तर समोर."