तीन तारे दिसेपर्यंत

मी नुसती मैद्याची पिशवी त्याच्यापुढे सरकवली, तर हा पाल दिसल्यासारखा दोन पावलं मागे!

"घ्यायचा नाही का?" मी विचारलं.

"घ्यायचाय ना... पण तीन तारे दिसल्यावर."

घ्या! इस्रायलमधल्या अक्कोच्या जुन्या बाजारात, माझ्या बाबांच्या दुकानात, पेसाह सण उतरतो त्या संध्याकाळी असे वेडे येतातच. आठवडाभर ज्यूंच्या घरात पाव नाही, पिठाचा कण नाही. आकाशात तीन तारे दिसले की सण उतरला, आणि मोरोक्कोहून आलेली ज्यू कुटुंबं त्याच रात्री मिमूनाची मेजवानी करतात. पातळ पोळ्या, लोणी, मध, आणि दार सगळ्यांना उघडं. पण त्यासाठी पीठ येणार कुठून? आम्हा अरबांकडून, तेही तारे दिसल्यावरच. आधी हातात घेतलं तर ते पीठ बाटलं.

"मग उजेडी कशाला आलात?"

"गेल्या वर्षी संपलं होतं. आई अजून ऐकवते."

"आणि सणाला गाडी चालवलेली चालते वाटतं?"

"गाडी आईला दिसली नाही," तो हळूच म्हणाला, "पीठ मात्र ती खाणार आहे!"

मला हसूच फुटलं. मग काय, बसवला पोत्यावर आणि दिली वेलचीची कॉफी. मतान त्याचं नाव. शेतात पाण्याच्या नळ्या बसवायचं काम. बोटं मातकट, डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं सांगत नाही.

"ढग आलेत," मी दारातून बघत म्हटलं. "आज तारे दिसतायत कसले!"

"न दिसू देत," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

माझे कान तापले. इतक्यात बाबांनी विचारलं, "राहता कुठे?" त्याने वसाहतीचं नाव सांगितलं. बाबा आतल्या खोलीत निघून गेले.

का गेले ते मला ठाऊक होतं. ती वसाहत उभी आहे तिथे आमचं गाव होतं, ऐन तूत. एकोणीसशे अठ्ठेचाळीसला इस्रायल झालं त्या लढाईत माझी आजी अंगावरच्या कपड्यांनिशी तिथून बाहेर पडली. पुन्हा तिला कुणी आत येऊ दिलं नाही. तिने मरेपर्यंत त्या रस्त्याकडे पाहिलं नाही.

पण मतान येत राहिला. कधी वेलची, कधी जिरं.

"किती वेलची खातोस रे?" मी विचारायची.

"आई वेलचीवरच जगते."

खोटारडा! मग आम्ही समुद्राच्या तटावर बसायचो. वाऱ्याने त्याची बाही माझ्या हाताला लागायची... तेवढ्यावर माझा अख्खा आठवडा निघायचा. ऐन तूतचं नाव जिभेवर यायचं आणि मी गिळून टाकायची. सांगितलं आणि तो यायचाच थांबला तर?

यंदाही पेसाह उतरायच्या दिवशी तो उजेडीच आला. मी काजळ घातलं होतं. कुणासाठी ते सांगायला नको.

"शुक्रवारी मला बघायला येतायत," मी म्हटलं. "नाझरेथचे. मुलगा दातांचा डॉक्टर आहे."

"तुला आवडला?"

"दात चांगले आहेत म्हणे."

तो हसला नाही. "रनीन... आज माझ्या घरी चल. दार सगळ्यांना उघडं असतं. आईला सांगतो, हीच ती."

हे ऐकायला मी वर्षभर तरसले होते. आणि ऐकलं तेव्हा रडू आलं.

"मतान, तुझं घर आहे ना, ते आमचं गाव. ऐन तूत. आजीच्या गावात मी पाहुणी होऊन कशी येऊ?"

तो बघतच राहिला. "अंगणामागची ती तुतीची झाडं..."

"आमची."

"मी लहानपणी चढायचो त्यांच्यावर."

"माझे बाबा कधीच नाही."

मग तो म्हणाला, "माझ्या आजीचंही मोरोक्कोतलं घर सुटलं. तिला कुणी विचारलं नव्हतं."

"माहीत आहे. म्हणून ऐन तूत आमचं नव्हतं असं होतं का?"

"नाही." लगेच म्हणाला, जराही न अडखळता. "मग तू पाहुणी नको येऊस. तू पुढे चल. दारात उभी राहा आणि मला म्हण, ये. पाहुणा मी."

"आणि तुझी आई? ती कोण मग?"

त्याने मान खाली घातली.

बाहेर तारे आले होते. त्याने पिठाची पिशवी उचलली, दाराशी थांबला. "शुक्रवारी काय सांगणार आहेस?"

"आधी तू आईला गावाचं नाव सांग. ती काय म्हणते ते मला येऊन सांग."

"चिडली तर?"

"तरी ये."

"घराबाहेर काढलं तर?"

"मग तर येच, मूर्खा! तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नकोय, कळतंय का?"

तो गेला. मागे वळले तर बाबा आतल्या दारात उभे. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"आज माझी आई असती," ते म्हणाले, "तर तिने आपल्या दोघांनाही घरात घेतलं नसतं."

मी खाली बघत राहिले. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं.

"बरं, फोन दे इकडे," बाबा म्हणाले. "नाझरेथच्यांना उगाच हेलपाटा नको."