वाढ्याची पेंढी

मुलाचं, संतोषचं, लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, मांजरी गावच्या भीमरावांना एक जुनी वही सापडली आणि त्यांची झोपच उडाली.

प्रार्थनामंदिराच्या कपाटात, गायनाच्या फाटक्या पुस्तकांखाली ती होती. हॉलिस नावाच्या मेथडिस्ट पाद्र्याची रोजनिशी. हा साहेब १८७९ पासून अकरा वर्षं तांबड्या घोडीवरून फेरी करायचा. बुधवारी हडपसर, गुरुवारी मांजरी, मग लोणी. ना बायको, ना घर. पटकीत मेलेली माणसं त्यानं स्वतःच्या हातानं पुरली, झाडाखाली बसून पोरांना अक्षरं शिकवली, स्वतः मराठी शिकला. शेवटच्या पानावर एकच ओळ होती : ‘पुढच्या फेरीस मांजरी.’ पुढे तो कुठे मेला, कुठे पुरला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“अगं अपेक्षा, ऐक तरी!” भीमराव सुनेला वाचून दाखवायचे. “‘मांजरीत दाराला वाढ्याची पेंढी दिसली. उतरलो.’ असं सतरा वेळा लिहिलंय! काय स्वागत करत असतील लोक!”

अपेक्षाला नववा सरत आला होता. ती हसायची. “पप्पा, तुम्ही त्या साहेबाला घरी आणल्याशिवाय राहत नाही.”

गुरुवारी गावच्या ख्रिस्ती मंडळीचा वर्धापनदिन होता. आदल्या सकाळीच भीमरावांनी ऊसतोडीवरून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणले. झकास पेंढी बांधली आणि स्वतःच्या दाराला टांगली.

दुपारी संतोषचा हडपसरहून फोन. “पप्पा, मिरवणुकीला घोडा सांगितलाय का? गाडीतळावर ट्रॅफिकमधून एक चाललाय. एक हॉर्न वाजत नाहीये.”

“रंग?”

“तांबडा. वर गोरा म्हातारा. मेकअप भारी केलाय हां.”

भीमरावांना आनंद मावेना. त्यांनी लगेच पाळकांना फोन लावला.

“घोडा?” पाळक म्हणाले. “भीमराव, आपली उडी वडापावपर्यंत.”

गुरुवारी सकाळी भीमरावांनी पुन्हा वही उघडली. शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं. शाई बोटाला लागली. ओली होती. त्यांच्या अंगावर काटा आला, तोही आनंदाचाच.

अकरा वाजता मागच्या आळीतून त्यांची थोरली बहीण सोजरबाई आली. दारातली पेंढी बघून ती पायरीवर मटकन बसली.

“भीम्या, आत कोण आजारी हाय?”

“कोणी नाही, आक्का. साहेबाचं स्वागत म्हणून बांधलीय.”

“स्वागत? मेल्या, आजी सांगायची तवा तू उंडारायला जायचास. ज्या घरात माणूस सुटायला टेकलंय, त्याच घराला पेंढी बांधायचे. शेवटची प्रार्थना करायला साहेब उतरायचा.”

आतून अपेक्षा कळवळून ओरडली. कळा सुरू झाल्या होत्या.

भीमराव पेंढीवर धावले. सोजरबाईनं मनगट धरलं.

“फेकू नगंस. बोलावलेला माणूस तसाच माघारी जात न्हाई. कुठंतरी उतरणारच.”

तेवढ्यात गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवर टापा वाजल्या. संथ. एकामागून एक.

गल्ली रिकामी होती. कुत्री गाड्यांखाली शिरली.

ओल्या चामड्याचा वास आला.

सोजरबाईनं दाराची पेंढी सोडवून काखेत मारली आणि एक्याऐंशीव्या वर्षी, जवळजवळ पळतच, मागच्या आळीकडे निघाली.

“आक्का, थांब!”

“तू पोरीला दवाखान्यात ने. पाहुण्याचं मी बघते.”

टापा फाटकाशी थांबल्या.

एक हुंकार. लगाम खुळखुळला.

मग टापा वळल्या, मागच्या आळीकडे.

रिक्षात अपेक्षाचा हात त्यांनी सोडला नाही. पाऊण वाजता मुलगी झाली. दोघी सुखरूप! भीमरावांनी आक्काला फोन लावला. तीनदा लावला.

ते पोचले तेव्हा तिच्या दाराला नुसती सुतळी लोंबत होती. खिडकीतून पाहिलं, तर आत खाटेवर सोजरबाई नीट निजलेली होती. पाय सरळ केलेले, हात छातीवर जुळवलेले, डोळे मिटवून पापण्या हलकेच दाबलेल्या.

सोजरबाई वारली ती गुरुवारी, सोळा नोव्हेंबर दोन हजार तेवीस रोजी, दुपारी बाराच्या सुमारास. त्या घरात ती एकटीच राहायची, आणि दाराला आतून कडी होती.