काल कुठे होता?

पूजिताच्या स्कूटरचं मागचं चाक कडकोळला, भर नंजनगूड रस्त्यावर बसलं. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढून पाण्यात बुडवली, आणि ती बाकावर बसून आईशी फोनवर बोलू लागली. तेवढ्यात शेजारी एक मोटारसायकल थांबली. उतरलेल्या माणसानं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये पंक्चरवाल्याला म्हैसूरच्या एका शाळेचा पत्ता विचारला.

ती पूजिताचीच शाळा होती.

ती चपापली. म्हैसूरच्या मराठी घरांना एक जुनी खोड आहे. चारचौघांत खाजगी बोलायचं झालं की कन्नड सोडून घरच्या मराठीत शिरायचं. आजूबाजूला कुणाला कळत नाही, असं धरूनच चालायचं. पूजितानंही तेच केलं.

"आई, इथे एक जण आमच्या शाळेचा पत्ता विचारतोय. बूट चकचकीत, चेहरा सुम्ने, उगीचच भोळा केलेला. गुरुरावकाकांनी धाडलेला हेर असणार बघ."

तो माणूस तिच्याकडे वळला.

"बूट काल घेतले," तो मराठीत म्हणाला. "चेहरा मात्र जुनाच आहे."

पूजितानं फोन बंद केला. पंक्चरवाल्याला यातलं काही कळलं नव्हतं, तरी तो हसला.

त्याचं नाव संकर्षण. पुण्याहून आलेला, चाळिशीच्या अलीकडचा. शाळा-कॉलेजांत निर्णय कोण घेतं, कुणाचं ऐकलं जातं, कुणाला संधी मिळते आणि कुणाला नाही, यावर त्याचं संशोधन चाललं होतं. पूजिताच्या शाळेत महिना-दीड महिना बसायची परवानगी त्याला गुरुरावांनी दिली होती.

गुरुरावांनी! एवढं ऐकलं आणि तिचा संशय पक्का झाला.

शाळा रंगाऱ्यांच्या जुन्या समाजाची होती. कापड रंगवणं आणि छापणं मागे पडलं, शाळा तेवढी राहिली. गुरुराव संस्थेचे सेक्रेटरी. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून पूजिता प्रभारी होती. काम सगळं तिचं, अधिकार कुठलाच नाही. दहावीचे जादा तास संध्याकाळी व्हायचे, आणि कडकोळहून येणाऱ्या मुलींची बस चुकायची. चैत्रा नावाच्या हुशार मुलीनं त्यापायी शाळा सोडली होती. पंक्चर झालं त्या दिवशी पूजिता चैत्राच्या आईला भेटायला कडकोळच्या गारमेंट फॅक्टरीत गेली होती. तास सकाळी घेतले की काम झालं असतं. पण वेळापत्रक बदलायचा हक्क मुख्याध्यापकाचा, प्रभारीचा नाही.

कायमची नेमणूक मार्चमध्ये व्हायची होती. तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी लागलेले पवनकुमार सरही रांगेत होते. आणि नेमका अशा वेळी हा पाहुणा आला होता…

संकर्षण रोज यायचा. वर्गात मागच्या बाकावर बसायचा. टेबलावर छोटा रेकॉर्डर ठेवायचा आणि फार कमी बोलायचा. एकदा तिच्या ऑफिसात आला आणि मोठ्या खुर्चीकडे बघत राहिला. पूजिता टेबलाच्या बाजूला स्टुलावर बसली होती.

"ही खुर्ची कुणाची?"

"मुख्याध्यापकांची."

"मग रिकामी का?"

"शनिवारी गुरुरावकाका येतात, ते बसतात. मी प्रभारीच नाही का, अल्वा? मला स्टूल पुरे."

"पाठ दुखत नाही?"

"हेही तुमच्या संशोधनात येतं का?"

"नाही. हे मी सुम्ने विचारलं."

तिचाच शब्द त्यानं उचलला होता. हसू येत होतं, ते तिनं दाबलं. हेर गोडच बोलतात.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पाहुणे आले की कॉफी द्यायला नेहमी मुलीच वर्गातून उठतात. तुमच्या लक्षात आलंय?"

तिला राग आला. एका शब्दानंही कबूल न करता पुढच्या शनिवारी तिनं कॉफीचा ट्रे दहावीच्या मुलांच्या हातात दिला. अर्धी कॉफी गुरुरावांच्या धोतरावर गेली. दारातून संकर्षणनं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे… आणि दोघांनाही एकाच वेळी खिडकीबाहेर बघावं लागलं.

त्यानंतर तो एक दिवस आलाच नाही. आला तेव्हा तिनं विचारलं, "काल कुठे होता?"

"ताप होता थोडा." मग म्हणाला, "विचारत जा हं. बरं वाटलं."

"यात बरं वाटण्यासारखं काय आहे?"

"बायको जाऊन चार वर्षं झाली. घरी पोचलो की नाही, उशीर का झाला, हे विचारणारं कुणी उरलं नाही. माणूस असतं तेव्हा त्या विचारण्याचा वैताग येतो. नंतर घर नुसतं शांत असतं."

पूजितानं आपल्या डब्यातलं अर्धं चित्रान्न, लिंबाचा भात, डब्याच्या झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवलं. लिंबाचा वास दोघांमध्ये दरवळत राहिला. त्या दिवशी तिचा संशय जरा पातळ झाला.

पण आठवडाभरातच तो पुन्हा घट्ट झाला. म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या हॉटेलात काचेपलीकडे तिनं दोघांना पाहिलं. संकर्षण आणि गुरुराव. समोर दोसे थंड होत होते. संकर्षण खाली मान घालून काही सांगत होता आणि गुरुराव हसत होते.

"काकांशी काय बोलत होता?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"ते… सांगता येणार नाही."

"का?"

"एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे. तुमचंही त्यांना सांगत नाही."

"खरंच?"

"खरंच."

त्या दिवसापासून त्याचा रेकॉर्डर बॅगेतून बाहेर येईना. तो तसाच येऊन बसायचा, मुलांशी बोलायचा, तिच्या डब्यातलं खायचा. पूजितानं ताडलं, रेकॉर्डर आता लपवून चालू असणार. मग तिनं त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूम रिकामी होती. कोपऱ्यात फक्त कन्नडच्या शांताक्का पेपर तपासत बसल्या होत्या. पूजितानं मराठीत आवाज खाली केला.

"एक सांगते. कुणाला बोलायचं नाही. मार्चनंतर मी बेंगळुरूला जाते. दुसरी नोकरी."

संकर्षणचा चेहरा एकदम उतरला. "जाणार? म्हणजे… कायमच्या?"

"हौदु. हो, कायमची."

"बरं." तो पाण्याच्या ग्लासशी चाळा करत राहिला. "चांगली शाळा आहे का ती?"

नाटक बरं करतो, असं तिला वाटलं. तरी त्या उतरलेल्या चेहऱ्यानं तिला दिवसभर काही सुचू दिलं नाही.

ती थाप फक्त त्यालाच माहीत होती. शनिवारी गुरुराव आले, खुर्चीत बसले आणि हसत म्हणाले, "बेंगळुरूला जातेस म्हणे? चांगलं झालं गं. मग सोमवारी नेमणुकीच्या मीटिंगला तुझं नाव कशाला? पवनकुमारला देऊन टाकतो."

सापळा लावला होता पूजितानं, आणि पाय अडकला तोही तिचाच.

संकर्षण फाटकापाशी भेटला. अवेळी चार थेंब पडू लागले होते. दोघांपैकी कुणी आडोशाला गेलं नाही.

"तुम्ही सांगितलंत काकांना."

"काय?"

"बेंगळुरूचं. ते खोटं होतं. फक्त तुम्हालाच सांगितलं होतं, बघायला…"

"खोटं होतं?" त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मग तिचं पुढचं बोलणं त्याच्या ध्यानात आलं आणि तो आनंद मावळला. "म्हणजे माझी परीक्षा होती."

"आणि नापास झालात."

"मी नाही सांगितलं, पूजिताबाई."

"मग कुणी, भिंतीनं?"

"माहीत नाही. तुमचा विश्वास बसत नसेल तर माझ्याकडे दुसरा पुरावा नाही." त्यानं हेल्मेट घातलं. "सोमवारपासून मी टी. नरसीपूरच्या शाळेत असेन."

तो गेला. ती भिजत उभी राहिली.

सोमवारी मीटिंगच्या आधी स्टाफरूममध्ये शांताक्का तिच्याजवळ आल्या आणि स्वच्छ घरच्या मराठीत म्हणाल्या, "जाऊ नको गं बेंगळुरूला."

पूजिता बघतच राहिली. "अक्का… तुम्हाला मराठी येतं?"

"तुमच्याच गल्लीत भाड्यानं राहायचो आम्ही. गुरुराव आणि मी एकाच अंगणात लंगडी खेळलोय."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यासमोर बोलला असता का? तुझ्या आधीच्या हेडमास्तरांनी माझ्या स्वयंपाकाला मराठीत किती नावं ठेवली, मला ठाऊक आहे." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "मीच गुरुरावाला म्हटलं, पोरगी उडून चालली, आजच तिला कायम कर. त्यानं भलतंच केलं."

कडकोळला एकदा फजिती झाली होती. तीच चूक पूजितानं पुन्हा केली होती, आणि दोष दिला होता ज्याला द्यायचा नाही त्याला.

ती ऑफिसात गेली आणि पहिल्यांदाच मोठ्या खुर्चीत बसली. खुर्ची डावीकडे कलत होती. समितीची माणसं आत आली. गुरुराव दारातच थांबले.

"बसा, काका. आज मी इथूनच बोलते. मी बेंगळुरूला जात नाही. ते खोटं होतं. मी खोटं बोलले, त्याची माफी मागते. पण ही जागा मला हवी आहे. मला जादा तास सकाळी घ्यायचेत. कडकोळच्या मुलींची बस चुकते."

गुरुराव स्टुलावर टेकले. "खोटं बोललीस, आणि वर जागा मागतेस?"

"हो. आणि तुम्ही? मी जाते म्हणून ऐकलंत, तर 'का जातेस' असं एकदा तरी विचारलंत का? पवनकुमार सर जातो म्हणाले असते, तर घरी जाऊन समजूत काढली असती."

गुरुरावांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"मला वाटलं, लग्न करून जातेस. तो पुण्याचा आणि तू… मिळून."

"कोण? मी?"

"तुला बोलला नाही तो? अय्यो." गुरुरावांनी कपाळाला हात लावला. "हॉटेलात मला बोलावून म्हणाला, तुमची शाळा माझ्या संशोधनातून काढून टाकतो. कारण विचारलं तर कानापर्यंत लाल. मी म्हटलं, समजलं बाबा, तरी कॉफीला येत जा."

पूजितानं खुर्चीचे हात घट्ट धरले. समितीनं तिला बाहेर थांबायला सांगितलं. आत आवाज चढत होते, उतरत होते. शेवटी आत बोलावलेले पवनकुमार सर बाहेर येऊन तिच्याकडे न बघता वर्गाकडे गेले, आणि मागून गुरुराव आले.

"तास सकाळी घे. आणि ती खुर्ची डावीकडे कलते, सांभाळून बस."

शाळा सुटल्यावर तिनं स्कूटर टी. नरसीपूरच्या रस्त्याला लावली. तिथल्या शाळेच्या शिपायानं नदीकडे बोट दाखवलं. कावेरी आणि कपिला मिळतात त्या घाटाच्या पायरीवर संकर्षण बसला होता. बूट बाजूला काढलेले, पाय पाण्यात.

"बूट जुने झाले," ती म्हणाली.

तो दचकून उठायला गेला.

"बसा. मला कळलं, तुम्ही सांगितलं नव्हतं. मी चुकले."

"ठीक आहे."

"ठीक नाही. मी मुख्याध्यापिका म्हणून चौकशी करायला आले आहे."

"झालात?" त्याचा चेहरा उजळला.

"झाले. आता उत्तर द्या. आमची शाळा संशोधनातून का काढलीत? इतके वाईट आहोत का?"

"जिथे काम करायचं तिथे मन तटस्थ लागतं. तुमच्या शाळेबद्दल लिहायला बसलो की… प्रत्येक पान तुमच्याच बाजूनं व्हायचं. ते संशोधन राहिलं नाही. मग प्रामाणिकपणे काढून टाकलं."

"आणि त्यानंतरही रोज यायचात. ते कशाला?"

"हा प्रश्न तुम्ही कधी विचारू नये, असं वाटायचं." तो थांबला. "आणि विचारावा, असंही."

पूजिता त्याच्या शेजारी, एक पायरी मोकळी न सोडता बसली. पलीकडून दुसऱ्या नदीचं पाणी येत होतं.

"माझा स्वभाव संशयी आहे. तो जाणार नाही," ती म्हणाली. "रोज विचारीन. उशीर का झाला, कोणाबरोबर दोसा खाल्ला… वैताग येईल."

"येऊ दे."

"नक्की?"

"नक्की."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, पहिल्यांदाच एकेरीत विचारलं, "एवढे दिवस कुठे होतास?"

त्यानं चेहरा वळवला, आणि पायरीवर ठेवलेल्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.