थोडंसं वाढवलेलं व्होल्टेज

अंगावरची धूळ उडवणाऱ्या त्या इवल्याशा खोलीत दोघं एकदमच घुसले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट, तोंडावर मास्क... दिसत होते ते फक्त डोळे. चिपच्या कारखान्यात ओळखी अशाच व्हायच्या.

"मंद प्रोसेसर बनवणाऱ्या त्या... तुम्हीच ना?" त्याने विचारलं. तो टेस्टिंगचा इंजिनियर.

"मंद नाही, काटकसरी!" ती फणकारली. "ते दुसऱ्या टीमचे वेगवान दुपारीच बॅटरी फस्त करतात. माझा तीन दिवस पुरवतो."

"बरं, कासवबाई."

रागवायचं सोडून ती हसली. मग काय, तो रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाशी घुटमळू लागला आणि तिचे डोळे दाराकडे लागू लागले. मनातलं मात्र दोघांच्याही ओठांवर येईना.

अशातच साहेबांनी जाहीर केलं, तिचा काटकसरी आणि दुसऱ्या टीमचा वेगवान, यांपैकी एकच प्रोसेसर कारखान्यात बनणार. तिचा हरला, तर तिची टीम बंद आणि तिची बदली समुद्रापार.

"काळजी करू नका, मी आहे ना," तो म्हणाला.

"तीच तर काळजी आहे!"

चाचणीच्या दिवशी तिचा प्रोसेसर भन्नाट पळाला. साहेब खूश झाले. मग त्यांनी विजेचा आकडा बघितला... आणि तोंड वाकडं केलं. "एवढी वीज? मग ही काटकसर कसली? वेगवानच घेऊ."

थोड्या वेळाने बाहेर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "चाचणीत तुम्ही व्होल्टेज वाढवलंत?"

"थोडंसंच... वेग दिसावा म्हणून. आता साहेबांना खरं सांगून आलो. ते म्हणाले, मूळ व्होल्टेजवर तो मंदच ना? मग निर्णय तोच."

"उंटावरचे शहाणे! कमी वीज हाच तर त्याचा गुण होता. तोच घालवलात?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून... तुम्ही मला फार आवडता हो."

याच शब्दांसाठी ती किती झुरली होती! आता ते आले, पण तिचं काम घालवून.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "पण माझ्या कामावर जगात एकाचा तरी विश्वास आहे, असं मी धरून चालले होते. तुमचा."

त्याने हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला, भरपूर रडली, आणि मग सोडून टेबल आवरायला गेली.