खारवलेली राजकन्या

तो पहिल्या दिवशी रस्ता चुकून तिच्या पर्यटकांच्या घोळक्यात शिरला, आणि मग रोजच चुकू लागला. आजही वाळूने भरलेले बूट हातात घेऊन धावतपळत आला.

"राजकन्या मेली का?"

"अजून नाही," ती हसू दाबत म्हणाली. "तुमच्यासाठी थांबलीय."

तो घड्याळं दुरुस्त करणारा, सुट्टीवर आलेला. ती पर्यटकांना किनारा दाखवणारी. किनाऱ्यावरच्या दगडी इमारतीच्या खिडकीत खलाशाची वाट बघत प्राण सोडणारी राजकन्या तिनेच रचलेली होती. खरं तर ते मासे खारवायचं कोठार. हॉटेलं उभी राहण्याआधी सारं गाव त्यावरच जगलं. तिला वाढवणाऱ्या मावशीनेही उमेदीची वर्षं तिथल्या मिठातच काढली. पण सुट्टीवर आलेल्यांना मीठ कशाला हवंय?

तेवढ्यात मावशीच वाळू तुडवत आली. "अगं, पाण्याची बाटली विसरलीस!"

त्याने मावशीच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं. "कोण ह्या?"

"आमच्या... ऑफिसात झाडलोट करतात."

मावशीने बाटली पुढे केली. "घ्या, बाईसाहेब," म्हणाली आणि आल्या वाटेने परतली.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मावशी भाजी निवडत होती. ती समोर बसली. मान काही वर होईना.

"चुकलं गं मावशी."

"मला कशाला सांगतेस? मी कोण ते मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी कोठारासमोर ती घोळक्याकडे वळली. "राजकन्या... नव्हतीच. इथे मासे खारवायचे. काल आलेल्या बाई माझी सख्खी मावशी. तिनेच मला लहानाची मोठी केली, आणि मला तिची लाज वाटली."

दोघंतिघं आइस्क्रीमच्या गाडीकडे वळले. तो मात्र हलला नाही.

"जा ना तुम्हीही," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"जाणारच होतो. काल सामानसुद्धा बांधलं. झाडलोट करणारी बाई पाणी घेऊन एवढ्या उन्हात येत नाही, एवढं मलाही कळतं."

तिचा चेहरा कानापर्यंत तापला. "मग थांबलात कशाला?"

"आज काय सांगता, ते ऐकायला." तो जवळ आला. "मावशींकडे न्याल मला?"

"आधी तिने मला तरी माफ करायला हवं! आणि तुम्ही कोण म्हणून सांगू?"

"तोंडाला येईल ते नको. खरं असेल ते सांगा."

तिने कालपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग... माझं प्रेम आहे ह्यांच्यावर, असंच सांगावं लागेल," ती म्हणाली.