पट्टीवर कोण आहे?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही थाप नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय हे. समुद्राला खेटून असलेल्या आमच्या छोट्याशा विमानतळावर.

संध्याकाळ होती. समुद्रावरून धुकं चढत होतं.

मामा वर टॉवरमध्ये, विमानांशी बोलायच्या कामावर. आणि खाली वेटिंग रूममध्ये, चार खुर्च्या जोडून त्यावर मामी. अंगात ताप, डोळे मिटलेले, श्वास लागलेला. शेजारी नर्स.

मामीला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला विमान आलं होतं. वर घिरट्या घालत होतं.

"धुकं जरा फाटलंय," पायलट म्हणाला. "आत्ताच उतरतो. पुन्हा नाही जमायचं, इंधन पुरणार नाही."

तिथली एक रीत होती. आधी जीपवाला धावपट्टीवरून फेरी मारायचा, कुत्री हाकलायचा आणि बाजूला व्हायचा. मग मामा वॉकीटॉकीवर विचारायचा, "पट्टीवर कोण आहे?" तो म्हणायचा, "कुणी नाही." मगच विमानाला परवानगी.

या जीपवाल्याला सगळे कप्तान म्हणायचे. बापजन्मात विमानात बसला नव्हता, पण रुबाब काय विचारता!

"कप्तान, पट्टीवर कोण आहे?"

"कुणी नाही, साहेब."

मामाने माईक उचलला.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली...

"अहो... मी आहे."

मामीचा आवाज.

तापाच्या भरात उठून पट्टीवर गेली की काय ही?

"कप्तान, अरे ही आहे तिथे! नीट बघ!"

"कोण ही? साहेब, चिटपाखरू नाही इथे."

"पट्टीवर कोण आहे?" मामा जिवाच्या आकांताने ओरडला.

"मी आहे हो... मीच."

विमानाचा आवाज अगदी जवळ आला.

"उतरू नका! वर घ्या! माणूस आहे पट्टीवर!"

विमान छपरावरून गेलं. आवाज लांब गेला... आणि धुकं पुन्हा मिटलं.

मामा जिना उतरून धावत सुटला. वेटिंग रूमच्या दाराशी आला आणि थिजला.

मामी तिथेच होती. खुर्च्यांवर.

"ही उठली होती?"

"काहीतरीच काय!" नर्स म्हणाली. "ओठसुद्धा हलले नाहीत त्यांचे. पण विमान का गेलं?"

मामीने डोळे उघडले.

"किती वेळा विचारता हो, कोण आहे, कोण आहे... ओ दिली ना मी."

धुकं हटून दुसरं विमान आलं, तोवर ती राहिली नव्हती.

मामाने ती नोकरी सोडली. स्वतःला त्याने कधी माफ केलं नाही. एक मात्र आम्हाला कळत नव्हतं. घराचं दार वाजलं की तो आतून कधीच विचारत नाही. मुकाट्याने जाऊन कडी काढतो.

परवा मी त्याच्याकडे होतो. भर दुपारी दार वाजलं. मी आपला सवयीने ओरडलो, "कोण आहे?"

मामाने झडप घालून माझं तोंड दाबलं.

उशीर झाला होता. बाहेरून ओ आली...

"अहो... मी आहे."

"विचारायचं नाही रे," मामा रडवेला होऊन म्हणाला. "ओ देताना दम लागतो तिला."

त्याने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर कुणीच नव्हतं.

तरी मामा बाजूला सरकला, आत यायला वाट दिली, आणि मला म्हणाला, "पाणी आण."