देवव्रतच्या नावाने

शुक्रवारची, म्हणजे आखातातल्या सुट्टीची दुपार होती. मुशैरिबच्या रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं, आणि ऑफिसात मिहीर एकटाच. काम तसं किरकोळ. घरबसल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरू देणारी जी पेटी असते ना, तिच्यातच भोक सापडलं होतं. जगभर चोर त्यातून घुसत होते, आणि इथे तर वर्ल्ड कप तोंडावर आलेला, स्टेडियमची गेटं ह्याच नेटवर्कवर. आत असतील त्यांना बाहेर काढायचं, भोक बुजवणारा पॅच टाकायचा, खलास.

पण मिहीर घाबरला होता तो वेगळ्याच कारणाने. त्याचे वरिष्ठ देवव्रत सर दुखानच्या रस्त्यावर गाडी उलटून गेले, त्यानंतर त्यांचं लॉगिन बंद करायला हवं होतं. पण लायसन्स मोजकी, नवं मागायचं तर सतरा जणांच्या सह्या. कोण करतं एवढं? "राहू दे, वापरू," म्हणत हा पठ्ठ्या मेलेल्या माणसाच्या नावाने खुशाल आत जात राहिला. आता त्याच नावाने चोर शिरला असेल, तर नोकरी जाणार, पाठोपाठ व्हिसा. घरी अबू हमूरला नुपूरला सातवा महिना. अशात तिला घेऊन गाशा गुंडाळायचा?

त्याने पेटीला केबल लावली, यादी उघडली. बाहेरून आत आलेला एकच जण होता. देवव्रत.

मिहीरने त्याला तोडलं. नाव परत आलं. पुन्हा तोडलं, पुन्हा आलं. मग स्क्रीनवर आपोआप नियम उमटू लागले. चोरांच्या वाटा एकेक करून बंद होत होत्या, आणि प्रत्येक नियमाच्या डोक्यावर 'श्री'. कुठलंही काम सुरू करताना सर आधी श्री लिहायचे. टीम हसायची त्यांना.

खोलीत बामाचा वास आला. सर डोक्याला चोळायचे तोच.

"सर... तुम्ही आहात का?"

टायपिंग थांबलं.

खरं तर हात जोडायचे. पण भ्यालेल्या माणसाला कसली आलीय कृतज्ञता! त्याने सरांचं खातंच पुसून टाकलं, पॅच टाकला, पेटी बंद करून पुन्हा चालू केली. वास गेला. यादी कोरी झाली. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात यादीत नाव आलं. मिहीर.

तो तर इथे, पेटीसमोर बसलेला. मग बाहेरून आत आलेला हा मिहीर कोण? त्याने मोबाइल उचलला. मोबाइल त्याचा पासवर्ड घेईना, बोटही ओळखेना. त्याने ऑफिसच्या फोनवरून घरी फोन लावला.

"नुपूर, अगं मी... निघतोय."

पलीकडून ती अगदी हळू म्हणाली, "कोण बोलतंय...? मिहीर तर इथे जेवायला बसलाय."

आणि तिच्या मागून मिहीरच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "कुणाचा फोन गं?"